एक तृतीयांश कोणासाठी?

मृत्युपत्राचा विषय आपल्या घरात काढला की दोनपैकी एक उत्तर हमखास मिळते. वडीलधारे म्हणतात, "मेल्यावरचे आत्ताच कशाला? अल्लाह मालिक है." थोडाफार वाचलेला माणूस म्हणतो, "आपल्यात वसीयत लागतच नाही, कुरआनात सगळे हिस्से ठरलेले आहेत." पहिल्या उत्तराशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच त्याने आपल्या कुटुंबांचे जास्त नुकसान केले आहे.

हिस्से ठरलेले आहेत हे खरे. पण सूरह निसामध्ये ज्या आयतींत ते सांगितले आहेत, तिथेच वारंवार बजावले आहे की ही वाटणी कर्ज आणि वसीयत भागवल्यानंतर करायची. म्हणजे वसीयत असणार हे तिथे गृहीतच धरले आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर यांच्याकडून आलेली प्रसिद्ध हदीस तर सांगते की ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत. दाढीच्या लांबीवर तासभर वाद घालणारे आपण या हदीसवर मात्र दोन मिनिटेही बोलत नाही.

क्रम असा आहे. आधी कफन-दफनाचा खर्च. मग कर्ज, न दिलेला मेहर हेही कर्जच, आणि ते फेडल्याशिवाय मुलांनी घराच्या भिंती मोजायला घेऊ नयेत. मग वसीयत, तीही उरलेल्या मालमत्तेच्या जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. त्यानंतर हिस्से. ही मर्यादा हजरत साद इब्न अबी वक्कास यांच्या हदीसवरून आली. सगळी संपत्ती दान करायला निघालेल्या त्या सहाबींना पैगंबरांनी एक तृतीयांशावर थांबवले, आणि तेही पुष्कळ झाले असे सांगितले. सुन्नी कायद्यात आणखी एक अट आहे: जो आधीच वारस आहे त्याच्या नावे वसीयत चालत नाही, माणूस गेल्यावर बाकीच्या वारसांनी संमती दिली तरच ती टिकते.

तेव्हा प्रश्न उरतो, हा एक तृतीयांश ठेवला आहे तरी कोणासाठी? मशिदीच्या मिनाराला देता येतो, मदरशाला देता येतो, ते पुण्याचेच आहे. पण माझ्या मते त्यावर पहिला हक्क घरातल्या त्या माणसांचा आहे ज्यांना कायदा रिकाम्या हाताने परत पाठवतो. त्यात सगळ्यांत पुढे उभी असतात बाप गेलेली नातवंडे.

ही गोष्ट आपल्या अनेक घरांना मयतीनंतरच कळते. आजोबा हयात असताना एक मुलगा वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असेल, तर वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत काहीही मिळत नाही. जवळचा वारस असताना दूरचा वगळला जातो, हा नियम. विधवा सुनेला तर सासऱ्यांकडून तसेही काही मिळत नाही. दुसरीकडे, वारलेल्या मुलाच्या स्वतःच्या मालमत्तेत आजोबांचा एक षष्ठांश हिस्सा असतो, आजी असतील तर त्यांचाही तेवढाच. म्हणजे अनाथ लेकरांच्या वाट्यातून वर जाते, वरून खाली मात्र काही येत नाही.

आता आकड्यांत पाहू. समजा आजोबांमागे ३६ लाखांची मालमत्ता आहे. घरात आजी, एक मुलगा, एक मुलगी, आणि आधीच वारलेल्या थोरल्या मुलाची दोन लेकरे. वसीयत नसेल तर आजीला एक अष्टमांश, म्हणजे साडेचार लाख. उरलेल्या साडेएकतीसपैकी मुलाला २१ आणि मुलीला साडेदहा. त्या दोन लेकरांना शून्य. थोरला जिवंत असता तर त्याच्या वाट्याला १२ लाख ६० हजार आले असते. आता आजोबांनी एक तृतीयांशाची वसीयत त्या लेकरांच्या नावे केली असे धरा. त्यांना १२ लाख मिळतात, बापाच्या हिश्शाच्या जवळपास तेवढेच. उरलेल्या २४ लाखांत आजीला ३, मुलाला १४, मुलीला ७. शरीयतचा एकही नियम मोडला नाही, आणि त्यासाठी आजोबांना लागले काय? एक कागद आणि दोन साक्षीदार.

हा विचार काही मी नाशकात बसून शोधलेला नाही. आधीच्या काळातल्या इब्न हज्म यांचे मत होते की वारस नसलेल्या जवळच्या नातेवाइकांसाठी वसीयत करणे हे कर्तव्यच आहे. बहुसंख्य फकीहांनी ते मानले नाही. पण इजिप्तने १९४६ साली वसीयतीचा कायदा करताना त्याच धाग्यावरून 'वाजिब वसीयत' आणली: आजोबांनी स्वतः लिहिली नसली तरी वारलेल्या मुलाचा हिस्सा, एक तृतीयांशाच्या मर्यादेत, नातवंडांना द्यायचा. पाकिस्तानने १९६१ च्या कौटुंबिक अध्यादेशात त्याहून पुढे जाऊन नातवंडांना थेट बापाच्या जागी उभे केले. त्यावर तिथे उलेमांचा आक्षेप आजही आहे. भारतात आपल्यासाठी असे काहीच नाही. १९३७ चा शरीयत कायदा लागू आहे, बाकी सगळे आजोबांच्या मर्जीवर. आणि आजोबा म्हणतात, अल्लाह मालिक है.

मालेगावात याचा अर्थ काय होतो ते पाहा. यंत्रमाग बापाच्या नावावर, वीजजोडणी बापाच्या नावावर, शेडची जागा बापाच्या नावावर. थोरला मुलगा वीस वर्षे माग चालवतो, सूत आणतो, कापड व्यापाऱ्याकडे पोचवतो, पण कागदावर तो कुठेच नसतो. त्याची कमाई बापाच्या मालमत्तेत मिसळून जाते. तो चाळिशीत गेला तर त्याच्या बायकोमुलांच्या हाती वीस वर्षांच्या घामाचा पुरावाही उरत नाही. जुन्या नाशकातही तेच: घराच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून दादांच्या वडिलांचे नाव, आत चार चुली, आणि प्रत्येक चुलीला वाटते की आपला हिस्सा सगळ्यांना माहीतच आहे. बाप आधी आणि मुलगा नंतर हा क्रम मृत्यू पाळतोच असे नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी इथल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि काही वेळात वीसहून अधिक रुग्ण गेले, हे या शहराने पाहिले आहे.

नातवंडांखेरीज आणखीही माणसे या एक तृतीयांशात बसतात. विधवा सून. दत्तक म्हणून वाढवलेले मूल, ज्याला आपल्या कायद्यात वारसा नाही. वीस वर्षे घरात राबलेली दूरच्या नात्यातली बेवा. यांच्यापैकी कोणी नसेल तर मग मदरसा आहेच.

मुलींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना वसीयतीची गरज नाही, हिस्सा ठरलेला आहे. फक्त तो दिला जात नाही. भावाच्या निम्मा का, हा वाद आपण हिरिरीने खेळतो, पण निदान तो निम्मा तरी किती बहिणींच्या हातात पडतो? वडील गेल्यावर चाळिसाव्याच्या आसपास भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतो. "बाजी, फक्त सहीच आहे, घर तुझेच आहे." बाजी सही करते, कारण नाही म्हटले तर ईदला माहेरचा दरवाजा बंद होईल ही भीती. काही जण तर वडील हयात असतानाच मुलींच्या सह्या घेऊन ठेवतात. आपल्या कायद्यात वारसाहक्क मृत्यूनंतरच निर्माण होतो, त्यामुळे आधीच सोडलेल्या हक्काला सहसा अर्थ नसतो. मोबदला घेऊन सही केली असेल तर मात्र न्यायालय वेगळा विचार करू शकते.

हे दुखणे जुने आहे. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घरांतल्या मुली कुरआनातला हिस्सा मागायला गेल्या होत्या. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींत हिंदूंसारखा वारशाचा रिवाज आहे, तोच चालेल. मुली हरल्या. पुढे नव्वद वर्षांनी शरीयत कायदा आला, तेव्हा त्यामागे रिवाजाने मुस्लिम स्त्रियांचे हक्क हिरावले जातात ही तक्रार होती. गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळली गेली. आज उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली आहे आणि आपल्याकडे 'शरीयतमध्ये हस्तक्षेप नको' अशी निवेदने जातात. माझे म्हणणे एवढेच की निवेदनावर सही करणाऱ्याने आधी आपल्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे का ते पाहावे.

ज्यांना फक्त मुलीच आहेत त्यांची अडचण आणखी वेगळी. दोन किंवा अधिक मुली असतील तर त्यांना मिळून दोन तृतीयांश मिळतात. आईबाप नसतील तर बाकीचे, पत्नीचा हिस्सा सोडून, भावाकडे किंवा पुतण्यांकडे जाते. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुली. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ८ मार्च २०२३ रोजी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले, कारण त्यानंतर वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मला तो मार्ग प्रत्येकाने घ्यावा असे वाटत नाही, पण बापाची काळजी मला कळते. शरीयतच्या आत राहूनही एक वाट आहे: हिबा. हयातीत, शुद्धीत, घर मुलींच्या किंवा पत्नीच्या नावे देऊन टाकणे. देणाऱ्याने सांगायचे, घेणाऱ्याने स्वीकारायचे आणि ताबा द्यायचा, या तीन गोष्टी झाल्या की तोंडी हिबाही वैध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी प्रकरणात तसे स्पष्ट केले. तरीही नोंदणीकृत बक्षीसपत्रच करावे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पतीपत्नी, मुलामुलींना आणि नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक अधिभाराचा खर्च वेगळा. एक मात्र लक्षात ठेवावे. अखेरच्या आजारात, मृत्यू समोर दिसत असताना केलेला हिबा 'मर्ज-उल-मौत'मध्ये मोडतो आणि त्याला वसीयतीचीच बंधने लागतात. आयसीयूच्या दारात वकील उभा करून उपयोग नसतो.

आणि ज्यांना वाटते की बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, त्यांनी आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहावे. ईदची सुट्टी आपणही त्यातच बघतो. त्याचे संस्थापक जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकींवर नॉमिनीचा हक्क की वारसांचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला: नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे सांभाळणारा. आयुर्विम्याबाबत हेच न्यायालयाने १९८४ साली सांगितले होते. सोसायटीतल्या फ्लॅटलाही तेच लागू. म्हणून नॉमिनी जरूर लावावा (१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत लावता येतात), पण धाकट्या मुलाला नॉमिनी केले म्हणून थोरल्या मुलीचा हिस्सा संपला, असे त्या मुलाने समजू नये, आणि मुलीनेही.

कायद्याने मुस्लिमाची वसीयत तोंडीही चालते, तिला साक्षीदारांची सक्ती नाही. पण तोंडी वसीयत सिद्ध करायची तर ज्यांनी ऐकली त्यांच्यावर विसंबावे लागते, आणि ऐकणारे बहुधा ते असतात ज्यांचा तीत फायदा किंवा तोटा असतो. तेव्हा लिहून काढावी. मराठीत, उर्दूत, ज्या भाषेत घरातले सगळे वाचू शकतील तीत. देणी कोणाची किती, मेहर दिला की राहिला, कोणते घर, कोणता गट नंबर, कोणते खाते, आणि एक तृतीयांश कोणाला, हे नावानिशी. वारस नसलेले दोन साक्षीदार घ्यावेत आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. शेतजमीन असेल तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीची वर्दी द्यायची असते. त्या अर्जात मुलींची नावे गाळली जातात ती पहिल्या दिवशीच, म्हणून मुलींनी फेरफाराची नक्कल स्वतः काढून पाहावी. आणि मूळ कागद कुठे ठेवला आहे हे लिहिणाऱ्याने पत्नीला आणि, घरात विधवा सून असेल तर, तिलाही सांगून ठेवावे.