विश्लेषण : दारव्हा मतदारसंघ नकाशावरून गेला, पुढची फेररचना येतेय, गावे तयार आहेत का?

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना वाटेत बोरी अरब लागते. गाव दारव्हा तालुक्यातले, सातबारा दारव्ह्याच्या तहसीलमधला. पण विधानसभेच्या यादीत ‘दारव्हा’ हे नाव शोधले तर सापडत नाही. २००९ पासून येथील मतदार ‘दिग्रस’चा आमदार निवडतात. मतदार तेच, रस्ते तेच, बदलली ती फक्त कागदावरची रेषा. या रेषेने राजकारण किती बदलले आणि आता पुन्हा ती आखण्याची वेळ जवळ येत असताना गावपातळीवर त्याची चर्चा का व्हायला हवी, याचा हा आढावा.

दारव्हा मतदारसंघाचा इतिहास काय?

दारव्हा हा दीर्घकाळ काँग्रेसचा बालेकिल्ला होता. माणिकराव ठाकरे यांनी १९८५, १९९०, १९९५ आणि १९९९ अशा सलग चार निवडणुका येथून जिंकल्या. १९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, तेव्हाही दारव्ह्याने त्यांची साथ सोडली नाही. २००४ मध्ये मात्र शिवसेनेच्या संजय राठोड या तरुण उमेदवाराने ठाकरे यांचा पराभव केला आणि एका कालखंडाची सांगता झाली.

शेजारच्या दिग्रसची तऱ्हा वेगळी होती. तेथे संजय देशमुख १९९९ आणि २००४ अशा दोन निवडणुकांत अपक्ष म्हणून निवडून आले. विलासराव देशमुख यांच्या सरकारात ते राज्यमंत्रीही झाले. एका मतदारसंघात पक्षाचा किल्ला, तर लगतच्या मतदारसंघात पक्षाशिवाय निवडून येणारा आमदार, असे हे चित्र होते. दोन्ही ठिकाणचा मतदार कापूस-सोयाबीन पिकवणारा असला, तरी राजकीय सवयी वेगळ्या होत्या.

२००८ मध्ये नेमके काय घडले?

न्या. कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे देशभरातील मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या. महाराष्ट्रातील जागांची एकूण संख्या २८८ अशीच ठेवायची होती. त्यामुळे जेथे लोकसंख्या वेगाने वाढली तेथे जागा वाढल्या आणि त्या इतरांच्या वाट्यातून गेल्या. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यातील जागा १३ वरून २४ झाल्या. विदर्भाच्या ६६ वरून ६२ वर आल्या. यवतमाळ जिल्ह्यात आठ मतदारसंघ होते, ते सात उरले. दारव्हा हे नाव त्या वेळी पुसले गेले. केळापूर हे नावही गेले आणि आर्णी आले. लोकसभेचे यवतमाळ आणि वाशिम हे दोन मतदारसंघ जाऊन यवतमाळ-वाशिम हा एक मतदारसंघ तयार झाला.

दारव्हा, नेर आणि दिग्रस हा पट्टा आता ‘दिग्रस’ या एका नावाखाली आला. म्हणजे दारव्ह्याचे विद्यमान आमदार राठोड आणि दिग्रसचे विद्यमान आमदार देशमुख यांच्यासाठी जागा एकच राहिली.

त्याचा निकालांवर काय परिणाम झाला?

२००९ मध्ये राठोड यांनी नव्या दिग्रसमधून पन्नास हजारांहून अधिक मतांनी विजय मिळवला. २०१४ मध्ये सेना आणि भाजप स्वतंत्र लढले, तरी त्यांची आघाडी सुमारे ८० हजारांवर गेली. २०१९ मध्ये देशमुख पुन्हा अपक्ष म्हणून समोर आले आणि सुमारे ७३ हजार मते घेऊन दुसरे राहिले. फरक ६३ हजारांवर होता. शिवसेना फुटल्यावर राठोड एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि देशमुख ठाकरे गटात.

पुढे २०२४ ने दोन वेगळे निकाल दिले. जूनमध्ये यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात देशमुख यांनी शिंदे गटाच्या राजश्री पाटील यांचा ९४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, विधानसभेला राठोड यांच्यासमोर काँग्रेसने पुन्हा माणिकराव ठाकरे यांना उतरवले. वीस वर्षांनी जुनी लढत नव्या नावाच्या मतदारसंघात झाली. राठोड जिंकले, पण आघाडी २८ हजारांवर आली. दोघांना मिळून अडीच लाखांहून अधिक मते पडली.

हिशेब मांडला तर दारव्हा शहराच्या मतदाराने १९८५ ते २०२४ या काळात नऊ वेळा आमदार निवडला. त्या नऊ निवडणुकांत नावे दोनच आली, चार वेळा ठाकरे आणि पाच वेळा राठोड. याला काही जण निष्ठा म्हणतील, काही जण पर्यायांचा अभाव. मात्र दुसऱ्या अर्थाचा थोडा वाटा नकाशाकडेही जातो. दोन मतदारसंघ एक झाले की दोन आमदारांपैकी एकच उरतो. उमेदवारीच्या रांगेत उभे राहू शकणाऱ्या नव्या चेहऱ्यांचेही तेच होते.

मग फेररचना चुकीची होती का?

तसे म्हणता येणार नाही. ठाण्यातील एका मताची किंमत दारव्ह्यातील मतापेक्षा कमी असावी, याचे समर्थन कोणी करू शकत नाही. समान लोकसंख्येला समान प्रतिनिधित्व हे तत्त्व योग्यच आहे. अडचण तत्त्वात नसून जागा न वाढवता ते राबवण्यात आहे. महाराष्ट्रात २८८ जागा १९७८ च्या निवडणुकीपासून आहेत. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५.०४ कोटी होती, म्हणजे एका आमदारामागे सरासरी पावणेदोन लाख लोक. २०११ मध्ये ती ११.२४ कोटी झाली आणि हे प्रमाण ३ लाख ९० हजारांवर गेले. शहरात ही माणसे काही चौरस किलोमीटरमध्ये राहतात. ग्रामीण भागात ती शेकडो गावांत, वाड्या-तांड्यांवर विखुरलेली असतात. शहरातील आमदाराचे कार्यालय रिक्षाने गाठता येते. गावातल्या माणसाची त्यासाठी एक मजुरी बुडते. आकड्यांत समान दिसणारे प्रतिनिधित्व पोहोचण्याच्या बाबतीत समान राहत नाही.

हा पेच फक्त विदर्भाचा नाही. कॅनडातील सस्कॅचेवान या शेतीप्रधान प्रांतातही ग्रामीण मतदारसंघ वेळोवेळी एकत्र केले जातात. तेथे विधानसभेच्या ६१ जागा आहेत आणि बहुतेक मतदारसंघांच्या लोकसंख्येत सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक फरक चालत नाही. विरळ वस्तीच्या उत्तरेकडील दोन मतदारसंघांना मात्र कायद्यानेच या अटीतून वगळले आहे. गावे एकत्र आली की अनेकदा दोन्हींची नावे जोडून मतदारसंघाला दिली जातात. अंतर हाही प्रतिनिधित्वाचा भाग आहे, एवढे तेथील कायद्याने मान्य केले आहे.

आपला कायदा काय सांगतो?

२००२ च्या परिसीमन कायद्यानेही फक्त लोकसंख्या पाहा असे सांगितलेले नाही. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा आणि तो आखताना नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळणाची साधने आणि लोकांची सोय यांचा विचार व्हावा, असे त्यात नमूद आहे. आयोगाने आपला प्रस्ताव राजपत्रात प्रसिद्ध करायचा, हरकती आणि सूचना मागवायच्या, जाहीर सुनावण्या घ्यायच्या, अशी पद्धतही आहे. प्रत्येक राज्यातून खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून आयोगासोबत असतात. त्यांना मतदानाचा अधिकार नसतो. अंतिम आदेशाला मात्र कायद्याचे बळ असते आणि त्याला न्यायालयात आव्हान देण्यास फारच थोडा वाव असतो. म्हणून जे काही सांगायचे ते प्रस्ताव आणि सुनावणीच्या टप्प्यावरच सांगावे लागते.

खरी मेख येथेच आहे. हरकत कोण घेतो? बहुधा पक्षांचे कार्यकर्ते आणि इच्छुक उमेदवार. त्यांच्या हरकतीत आपल्या मतपेढीचे गाव आत आणि विरोधकाचे बाहेर, हा हिशेब असतो. तहसील एकीकडे, मतदारसंघाचे नाव दुसरीकडे, बाजारपेठ तिसरीकडे अशी ओढाताण ज्यांच्या वाट्याला येते, त्या गावांचा आवाज सुनावणीपर्यंत क्वचितच पोहोचतो.

आता हा विषय का महत्त्वाचा?

सध्याच्या घटनात्मक तरतुदीनुसार जागांची गोठवलेली संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम आहे. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. त्यानंतरच्या फेररचनेशी महिला आरक्षणही जोडलेले आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनुसार लोकसभा आणि विधानसभांमध्ये एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव होणार आहेत. २८८ च्या हिशेबाने त्या ९६ होतात. म्हणजे पुढच्या नकाशात केवळ सीमा नव्हे, तर कोणत्या जागेवर कोण लढू शकेल हेही बदलेल. नऊ निवडणुकांत दोनच नावे पाहिलेल्या पट्ट्यासाठी हा बदल लहान नाही.

गावांनी काय करायला हवे?

पहिले, ग्रामसभांनी आतापासून हा विषय चर्चेला घ्यावा. आपल्या गावाचे दैनंदिन व्यवहार कोणत्या शहराशी आहेत, बस कुठे जाते, दवाखाना आणि बाजार समिती कुठे आहे, हे लिहून काढलेला ठराव सुनावणीत कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगी पडतो, कारण कायदा नेमके हेच विचारतो. दुसरे, तालुका शक्यतो फोडू नये ही मागणी पक्षभेद विसरून करावी. तिसरे, नावाचा आग्रह धरावा. लोकसभेसाठी ‘यवतमाळ-वाशिम’ चालते, तर विधानसभेसाठी ‘दारव्हा-दिग्रस’ का चालू नये? नाव गेले म्हणून पाणी किंवा रस्ता मिळत नाही असे नाही. पण ज्याचे नाव पाटीवर नसते, त्याची गाऱ्हाणीही मागे पडतात.

आमदार कोण असावा, हे मतदार पाच वर्षांनी एकदा ठरवतात. कोणत्या मतदारांनी मिळून तो निवडायचा, हे मात्र एका पिढीत एकदाच ठरते. २००८ मध्ये ते ठरले तेव्हा बहुतेक गावांना निकाल लागल्यावरच कळले. पुढच्या वेळी निदान हरकतींच्या यादीत बोरी अरबसारख्या गावांची नावे दिसायला हवीत.