खरा पालट आणि खोटी मोजदाद

धर्मांतर हा शब्द उच्चारला की दोन वह्या तत्काळ उघडतात. एकीत किती माणसे मिळाली याची जमा मांडलेली असते, दुसरीत किती गेली याचा खर्च. जमा मांडणारा उल्हासाने लिहितो, खर्च मांडणारा दातओठ खात लिहितो. परंतु ज्या माणसाच्या नावावर हे आकडे पडले त्याच्या अंतःकरणात काय घडले, याची चौकशी करण्याची निकड दोघांपैकी कोणासही भासत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, ज्या इव्हँजेलिकल म्हणजे सुवार्तावादी ख्रिस्ती परंपरेच्या नावाने ही मोजदाद बहुधा चालते, त्या परंपरेच्याच मूळ शिकवणीने पाहू गेल्यास दोन्ही वह्या सारख्याच पोकळ आहेत. बाहेरचा कोणताही निकष आम्ही येथे लावणार नाही. त्या पंथाच्या आचार्यांनी जे माप स्वतःसाठी करून ठेवले, त्याच मापाने आम्ही मोजणार आहोत.

प्रथम शब्दांचाच विचार करू. आपल्या भाषेत या गोष्टीस जे शब्द आहेत ते सारे बाहेरच्या बाजूचे आहेत. 'बाटणे' हा शब्द पाण्याचा आणि पंगतीचा. 'धर्मांतर' हा शिरगणतीचा. 'बाप्तिस्मा घेणे' हा विधीचा. याच्या उलट, हिब्रू संदेष्ट्यांचा जो शब्द आहे त्याचा अर्थ नुसता 'मागे फिरणे' असा आहे, आणि ग्रीक शुभवर्तमानांतील शब्दाचा अर्थ 'मन पालटणे' असा आहे. आपल्या संतांचा 'अनुताप' हा शब्द त्याच्या पुष्कळच जवळ येतो. वाट चुकलेला माणूस चूक उमजताच थांबतो आणि उलट पावली चालू लागतो, हे या शब्दांतील मूळ चित्र. त्यात थांबणे आहे तसे चालणेही आहे. आणि आमचा सारा वाद या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आहे.

सुवार्तावादाचा उगम परधर्मीयांस ख्रिस्ती करण्याच्या खटपटीत नाही, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी ध्यानात घेत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात व त्याच्या अमेरिकन वसाहतींत ही चळवळ उठली, ती जन्माने व बाप्तिस्म्याने आधीच ख्रिस्ती असलेल्या लोकांस उद्देशून. तुम्ही देवळात जाता, प्रार्थना म्हणता, तुमचे नाव चर्चच्या दप्तरात आहे. तथापि तुमचा पालट झालेला नाही, असे ती त्यांस बजावीत होती. जॉन वेस्ली हा स्वतः दीक्षित धर्मोपदेशक होता. ऑक्सफर्डात असता तो कैद्यांचा समाचार घेई, उपास करी. पुढे जॉर्जिया वसाहतीत धर्मोपदेशही करून आला. एवढे झाल्यावर २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहानशा सभेत, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असता, त्यास आपल्या अंतःकरणात एक अपूर्व ऊब जाणवली. ही तारीख त्याचे अनुयायी आजही पाळतात. परंतु त्याच वेस्लीने पुढे सात-आठ महिन्यांनी, जानेवारी १७३९ मध्ये, आपण अद्यापि ख्रिस्ती नाही असे रोजनिशीत लिहून ठेवले, याची आठवण उत्सवाच्या दिवशी सहसा निघत नाही. प्रीती, शांती, आनंद ही जी आत्म्याची फळे, ती आपल्या ठायी त्यास दिसेनात. ऊब खोटी होती असे त्याचे म्हणणे नव्हते. उबेने काम संपले, असे मानण्याची त्याची तयारी नव्हती. पुढे त्याने आपल्या अनुयायांचे बारा-बारांचे वर्ग पाडले आणि दर आठवड्यास प्रत्येकाच्या आचरणाची विचारपूस चालू केली, ती याच कारणाने. तारखेवर ज्याचा भरवसा असतो तो साप्ताहिक झाडा घेत बसत नाही.

अमेरिकेतील जोनाथन एडवर्ड्झ याने हेच शास्त्रीय रीतीने मांडले. नॉर्थॅम्प्टन गावी १७३४-३५ साली धर्मजागृतीची मोठी लाट आली. तिचे गुणगान करणारा पहिला लेखक तोच, आणि ती ओसरल्यावर किती लोक पूर्वीच्या वळणावर गेले हे डोळ्यांनी पाहणाराही तोच. म्हणून १७४६ सालच्या धार्मिक भाववृत्तींवरील ग्रंथात त्याने दोन याद्या दिल्या. पहिल्या यादीत बारा खुणा आहेत, ज्यांवरून काहीच सिद्ध होत नाही: भावनेचा जोर, अंगास सुटलेला कंप, धर्मविषयक अखंड बडबड, बायबलातील वचनांची अकस्मात स्फूर्ती, स्वतःच्या उद्धाराविषयी बेधडक खात्री इत्यादी. दुसऱ्या यादीत खऱ्या परिवर्तनाच्या बारा खुणा असून त्यांतील शेवटची, आणि ग्रंथकर्त्याच्या मते सर्वांत वजनदार, खूण म्हणजे आयुष्यभराचे आचरण. हल्लीच्या कित्येक सभांची वर्णने वाचली तर परिवर्तनाचा पुरावा म्हणून जे काही पुढे केले जाते, ते बहुतेक सारे एडवर्ड्झच्या पहिल्या यादीत सापडेल!

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. याच एडवर्ड्झने १७३१ साली व्हीनस नावाची एक आफ्रिकन मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली होती, आणि आपण लिहिलेली बारावी खूण या व्यवहारास लावून पाहण्याचे त्यास सुचले नाही. ज्याने माप केले तोच मापास पुरा उतरला नाही. यावरून कोणी म्हणेल की, मग मापच टाकून द्यावे. आम्ही म्हणतो, माप खरे असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? ते आपल्या कर्त्याचीही भीड धरीत नाही.

परंतु या विषयाचे मर्म जॉन न्यूटनच्या चरित्रात जितके उघडे पडते तितके अन्यत्र क्वचितच. न्यूटन हा खलाशी. मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात वादळात सापडले असता त्याने देवाचा धावा केला, जहाज कसेबसे किनाऱ्यास लागले, आणि तो दिवस त्याने जन्मभर स्मरणात ठेवला. पुढे तो धर्मोपदेशक झाला, आणि १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी त्याने रचलेले 'अमेझिंग ग्रेस' हे गीत जगभर पसरले. लोकांत रूढ झालेली कथा अशी की, गुलामांचा व्यापारी वादळात सापडला, पालटला, आणि त्याने तो व्यापार सोडला. कथा सुंदर आहे. दोष इतकाच की ती खरी नाही. वादळानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी झाला, आणि १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. वरच्या डेकवर तो खलाशांकडून रविवारची उपासना करवून घेई, आणि खाली तळघरात साखळदंडांनी जखडलेली माणसे असत. १७५४ साली तो धंदा त्याने सोडला तो प्रकृती बिघडली म्हणून.

आपल्याकडील वाल्या कोळ्याची गोष्ट येथे सहज आठवते. पापाचे वाटेकरी होण्यास घरची माणसे नाकबूल झाली त्याच दिवशी वाल्याच्या हातची कुऱ्हाड गळून पडली; रांजणात पुढे एकही खडा पडला नाही. न्यूटनच्या हातची कुऱ्हाड वादळानंतर सहा वर्षे सुटली नाही, आणि ती धरल्याची लाज जगापुढे मांडण्यास आणखी चौतीस वर्षे लागली. १७८८ साली त्याने आफ्रिकन गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका लिहिली. आपला कबुलीजबाब फार उशिरा येत आहे आणि ज्या व्यवहाराच्या आठवणीने अंगावर काटा येतो त्यात आपण स्वतः हात घातला होता, हे त्याने तीत स्वच्छ सांगितले. पार्लमेंटाच्या चौकशीपुढे त्याने साक्षही दिली. विल्बरफोर्स हा तरुण सभासद नव्याने झालेल्या पालटाच्या भरात राजकारण सोडू पाहत होता, त्यास १७८५ साली न्यूटननेच तेथे राहण्याचा सल्ला दिला होता. आणि १८०७ साली, ज्या वर्षी न्यूटन वारला त्याच वर्षी, गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला.

आता विचारावयाचे ते हे की, न्यूटनचा पालट कधी झाला? १७४८ साली म्हणावे, तर त्यानंतरच्या तीन सफरींचे काय करावयाचे? १७८८ साली म्हणावे, तर मधली चाळीस वर्षे निव्वळ ढोंगाची होती असे मानावे लागेल, आणि तेही खरे नव्हे. खुद्द न्यूटनने या प्रश्नास प्रामाणिक उत्तर दिले आहे: वादळाच्या दिवशी आपण पुऱ्या अर्थाने श्रद्धावंत झालो असे आपण मानीत नाही, ते पुष्कळ नंतरचे, असे त्याने १७६४ च्या आत्मवृत्तात लिहिले. आमच्या मते १७४८ साली तो थांबला, आणि पुढची चाळीस वर्षे तो मागे फिरत होता. ज्या जागी आपला नफा होता त्या जागेपर्यंत पावले मागे पोहोचली तेव्हा कोठे तो पालट जगास दिसण्याजोगा झाला. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी कोणी त्याचे नाव वहीत टिपले असते, तर त्या वहीत एक गुलामांचा भावी कप्तान 'उद्धरलेला' म्हणून जमा झाला असता.

आणि हल्ली तसेच टिपले जाते, हीच आमची तक्रार आहे. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स फिनी याने धर्मजागृती हा चमत्कार नसून योग्य साधनांचा योग्य उपयोग आहे, असे १८३५ सालच्या व्याख्यानांत प्रतिपादिले आणि सभेत पुढच्या बाजूस 'चिंतातुरांचे बाक' मांडले. फिनीवर अन्याय नको: गुलामांच्या मालकांस प्रभुभोजनास बसू न देणारा तो माणूस होता, फळाची मागणी त्याने सोडली नव्हती. परंतु त्याच्या मागून आलेल्यांनी बाक तेवढे उचलले आणि मागणी तेथेच ठेवली. जॉन नेव्हिन या अमेरिकन धर्मशास्त्र्याने १८४३ मध्येच या बाकावर पुस्तक लिहून इशारा दिला होता की, बाकापर्यंत चालत येणे हेच ख्रिस्ताकडे येणे, असा लोकांचा समज होऊ लागेल. तसा तो झाला. बाकाच्या जागी वर केलेला हात आला, हाताच्या जागी सही केलेले कार्ड आले, आणि शेवटी पत्रकाच्या अखेरच्या पानावर छापलेली चार ओळींची तयार प्रार्थना आली. बिली ग्रॅहॅम यांच्या सभांत पुढे येणाऱ्यांस निदान 'जिज्ञासू' म्हणण्याचा विवेक होता. अहवाल लिहिणारे इतर उत्साही लोक तेवढाही संकोच बाळगीत नाहीत. बी पेरले त्याच दिवशी सुगीचे आकडे जाहीर करणाऱ्या शेतकऱ्यास गाव काय म्हणेल?

यावर सुवार्तावाद्यांचा एक गंभीर आक्षेप आहे, आणि त्यास उत्तर दिलेच पाहिजे. ते म्हणतील, उद्धार कृपेने आहे, कर्माने नाही. तुम्ही आचरणाची अट घालून मागच्या दाराने कर्मवाद आत आणता. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोरास कोणते आचरण करण्यास वेळ मिळाला? आम्ही म्हणतो, त्या चोराचीच कथा पुन्हा वाचावी. त्यास थोडेच तास मिळाले, पण तेवढ्यात त्याने आपली शिक्षा न्याय्य असल्याचे कबूल केले, निंदा करणाऱ्या सोबत्यास आवरले, आणि निरपराध्यास निरपराध म्हटले. हातपाय खिळलेला माणूस याहून अधिक काय करणार? जक्कय जकातदाराचे हात मोकळे होते. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांस देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. फळ हे कृपेचे मोल नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. पण ते कृपेची खूण आहे, हे त्यांनीही मान्य केले पाहिजे; कारण झाडास फळामुळे जीव येत नसला, तरी जीव आहे की नाही हे फळावरूनच कळते.

उलट बाजूने कोणी म्हणेल, मग सत्कृत्ये करणारा प्रत्येक माणूस परिवर्तन पावलेलाच समजावा काय? तसेही नाही, आणि याचे उत्तर आपल्याच घरात आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी एका वहीत त्यांचे नाव जमा झाले, दुसरीतून खोडले गेले, आणि दोन्हीकडच्या कारकुनांनी प्रकरण मिटले असे समजून वह्या मिटल्या. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र प्रकरण मिटले नव्हते. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, विधवांस आसरा दिला. कार्य डोळ्यांस दिसत होते. तरीही बाप्तिस्म्यास आठ वर्षे झाल्यावर त्यांस असे कळून आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले होते. दीक्षा घेऊन उपदेश करीत असता, आपल्याच व्यासपीठावर त्याचा पालट झाला होता. ते वाचून रमाबाई स्वतःस तपासू लागल्या. सत्कार्य असूनही पालट नसेल, हे त्यांच्या अनुभवावरून दिसते. परंतु पालट असून त्याचे फळ नाही, असे मात्र होत नाही. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी गोळा करून आणलेल्या मुली, केडगावचे मुक्ती सदन, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत हिब्रू व ग्रीकवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर, ही त्या पालटाची जमीन कोणत्या खोलीची होती ते दाखवितात. ज्या घटनेस त्या स्वतः खरा पालट मानीत, तिची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही. तेथे विधी नव्हता, साक्षीदार नव्हते. मग कारकून लिहिणार काय?

१९६७ साली ओरिसाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मांतरावर जे कायदे केले, त्यांत जुलूम, फसवणूक आणि प्रलोभन यांस बंदी होती. खोट्या धर्मांतराचा माग कायद्यास कदाचित काढता येईल. खऱ्याचा येणार नाही. तो माग सरकारी कचेरीस लागत नाही, तसाच तो मिशनच्या अहवालासही लागत नाही.

तेव्हा जमा मांडणाऱ्यांस आमचे सांगणे हे की, तुमचे वेस्ली, एडवर्ड्झ आणि न्यूटन तुमच्या विरुद्ध साक्ष देत आहेत. त्यांची नावे घ्यावयाची असतील तर आकडे खाली ठेवा. खर्च मांडणाऱ्यांस सांगणे हे की, ज्याचे नुसते नाव गेले त्यासाठी एवढा आक्रोश व्यर्थ आहे, आणि ज्याचे हृदय पालटले त्यास तुमच्या वहीने कधी धरून ठेवले नव्हतेच. आणि ज्यास स्वतःच्या पालटाची तारीख तोंडपाठ आहे, त्याने न्यूटनचे स्मरण करून एकच प्रश्न स्वतःस विचारावा: त्या दिवशी आपल्या हातात जी कुऱ्हाड होती, ती आज कोठे आहे?