पाचांची भिंत

मित्रांनो, ‘फुटबॉल’ म्हटलं की तुम्हाला पायानं मारायचा गोल चेंडू आठवतो, हो ना? पण अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळाच! चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं, नाहीतर लांब फेकायचा. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना ४ प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर, पुढं सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा ४ प्रयत्न. नाही जमलं तर चेंडू गेला दुसऱ्यांकडे.

चेंडू घेऊन पळणाऱ्याला टाळ्या मिळतात. पण आज आपण त्याच्या पुढं उभ्या असणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांची ओळख करून घेऊ. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड आणि टोकांना दोन टॅकल. सेंटर वाकून दोन पायांमधून चेंडू मागं क्वार्टरबॅककडे देतो. क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा खेळाडू. एकदा चेंडू सुटला की या पाचांचं काम एकच, समोरच्यांना अडवायचं. उघड्या तळव्यांनी ढकलायचं, पण पकडून ठेवायचं नाही. पंचांनी पकडताना पाहिलं की संघ १० यार्ड मागं!

‘हात्तिच्या, ढकलाढकली तर आम्हालाही येते,’ असं म्हणाल. थांबा! पाच चिंचोके एका ओळीत मांडा. त्यांच्यासमोर चार खडे ठेवा आणि थोडं मागं आणखी तीन खडे. आता सांगा, कुठल्या चिंचोक्यानं कुठला खडा अडवायचा?

पहिली रीत सोपी. माणसं वाटून घ्यायची. ‘हा तुझा, तो माझा.’ पण खड्यांनी ऐनवेळी जागा बदलल्या तर? दोघं एकाच्याच मागं लागतात आणि एक जण मोकळा सुटतो.

दुसरी रीत धाडसाची. उजवीकडून वाट काढायची असेल, तर उजवीकडचे गडी समोरच्यांना कडेनं आत रेटतात. डावीकडचा गार्ड आपली जागा सोडतो, ओळीच्या मागून धावत येतो आणि त्या वाटेवर एक गडी जास्त होतो. याला ‘पुलिंग’ म्हणतात. धोका कुठं? त्याच्या रिकाम्या जागेतून खडा आत शिरू शकतो. म्हणून शेजाऱ्यानं ती जागा सांभाळायची.

तिसरी रीत ‘झोन’ची. पाचही जण एकदम एकाच दिशेला पाऊल टाकतात. माणूस वाटून घ्यायचा नाही, जागा वाटून घ्यायची. आपल्या पट्ट्यात जो येईल तो आपला! दोन शेजारी मिळून पुढचा खडा हलवतात आणि मग त्यांतला एक सुटून मागच्या खड्याकडे जातो. कोणी सुटायचं? मागचा खडा ज्याच्या बाजूनं येईल त्यानं. हे बोलून ठरवायला वेळ नसतो. शेजाऱ्याच्या खांद्याच्या हालचालीवरूनच कळावं लागतं. त्यासाठीच रोजचा सराव.

आता एक खरी गोष्ट. ३१ डिसेंबर १९६७. ग्रीन बे गावचा पॅकर्स आणि डॅलसचा काउबॉइज या संघांचा अंतिम सामना. थंडी उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास! मैदान गोठून काचेसारखं झालेलं. शेवटचे १६ सेकंद उरले, तेव्हा डॅलस १७, ग्रीन बे १४. रेषा जेमतेम एक यार्डावर, पण पळणारे घसरत होते. खेळ थांबवून घ्यायची एकही संधी उरली नव्हती. रेषा ओलांडता आली नाही, तर पुढचा प्रयत्न करण्याआधीच वेळ संपण्याची भीती!

क्वार्टरबॅक बार्ट स्टार यानं ठरवलं, चेंडू कोणाला द्यायचाच नाही, आपणच घुसायचं. समोर होता डॅलसचा उंचापुरा जेथ्रो प्यू. गार्ड जेरी क्रेमर त्याच्या अंगाखाली शिरला. त्याच क्षणी सेंटर केन बोमन यानंही प्यूला रेटलं. दोघांनी मिळून एकाला हलवलं, फट पडली, स्टार पलीकडे! ग्रीन बे २१–१७ नं जिंकलं.

टीव्हीवर तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवला गेला. ओळीत खेळणाऱ्या क्रेमरचं नाव घरोघर पोचलं. तरीही त्या खेळाच्या मानाच्या दालनात, ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, जागा मिळाली ती २०१८ साली, वयाच्या ८२व्या वर्षी. आणि बोमन? त्याला ती मिळाली नाही. तोच डाव, तोच रेटा. पण बहुतेकांच्या लक्षात राहिला तो क्रेमर.

म्हणून पुढच्या वेळी कुठलाही सामना पाहाल, तेव्हा एक गंमत करा. एका डावापुरतं चेंडूकडे पाहूच नका. बाकीचे काय करताहेत ते पाहा. वर्गातल्या नाटकातही टाळ्या राजाला मिळतात, पण पडदा कोणी ओढला? तुमच्या ओळखीचा असा एखादा ‘बोमन’ असेलच की! त्याला आजच जाऊन सांगा, ‘मी तुला पाहिलं बरं का!’

भेटू पुढच्या अंकात!