कोतवाल बुक ते शेगाव : न मोजलेल्या आजारांचा इतिहास

१/ २०२४ च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुळासकट हातात येऊ लागले. काही दिवसांत टक्कल. पुढे १८ गावांतील २७९ रुग्णांची नोंद झाली. देशभर थट्टा झाली, गावांत सोयरिकी अडल्या. या प्रकरणाची मुळे दीडशे वर्षे मागे जातात. सविस्तर थ्रेड.

२/ आधी घटनाक्रम. प्रथम संशय शाम्पूवर गेला, मग पाण्यातील नायट्रेटवर, मग बुरशीवर. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वखर्चाने रक्त, लघवी, केस आणि गहू यांच्या तपासण्या करवून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. एप्रिलमध्ये त्याच भागात नखे गळू लागली.

३/ बावस्करांचे कौतुक झाले आणि ते रास्तच आहे. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध रुजवणारा हा माणूस आयुष्यभर रुग्णामागून रुग्ण नोंदवत आला. परंतु सार्वजनिक वितरणातील धान्याचा संशय फेडण्यासाठी एका खासगी डॉक्टराला खिशात हात घालावा लागतो, ही गौरवाची कथा आहे की लाजेची?

४/ येथे नेहमीचा आक्षेप येतो : “प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, औषध नाही, तिथे साथरोगशास्त्र आणि वैद्यकीय संख्याशास्त्र यांवर सरकारी पैसा उधळायचा कशाला?” आक्षेप प्रामाणिक वाटतो. इतिहास मात्र त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

५/ लंडन, १८५४. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची आणि जॉन स्नो यांची गोष्ट सर्वांना पाठ असते. त्या गोष्टीतील दुसरे पात्र बहुधा गाळले जाते : विल्यम फार. सरकारी नोंदणी कार्यालयातील हा संख्याशास्त्रज्ञ लंडनमधील मृत्यूंचे आकडे दर आठवड्याला कारणांसह प्रसिद्ध करी. स्नो यांनी ८३ मृत्यूंची यादी याच कार्यालयातून मिळवली आणि मग ते घरोघर गेले. पंपाचा दांडा काढला गेला तो सरकारी पगारावर चालणाऱ्या नोंदवहीच्या बळावर.

६/ आता वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या मुलखातही पुढे जन्म-मृत्यूची नोंद सुरू झाली. विदर्भात ती ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाते. आजच्या तरुणांना हे नाव जात पडताळणीच्या कागदपत्रांमुळे ठाऊक असते : पणजोबांच्या नावापुढची जात शोधण्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढायची.

७/ वस्तुतः त्या नोंदीचा मूळ हेतू माणसे किती आणि कशाने मरतात हे कळावे, हा होता. त्यातील एक दोष मात्र जीवघेणा ठरला. वैद्यकाचे शिक्षण नसलेला गावकामगार मृत्यूचे कारण ठरवी. पटकी आणि देवी त्याला ओळखता येत. उरलेले बहुतेक सारे एकाच शब्दात कोंबले जाई : ‘ताप’.

८/ १९१८ च्या इन्फ्लुएंझाने या दोषाची किंमत वसूल केली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक तडाखा बसलेल्या भागांपैकी एक. मृत्यू प्रामुख्याने ‘ताप’ या रकान्यात गेले. म्हणून त्या साथीत भारतात सव्वा कोटी मेले की दोन कोटी, यावर संशोधक आजही वाद घालतात. लाखो माणसांच्या मरणाचे गणित शंभर वर्षांनंतरही अंदाजपंचे आहे.

९/ याच राजवटीने पैसा ओतला तेव्हा काय घडले, तेही पाहावे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत हाफकिन यांची प्रयोगशाळा उभी राहिली. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने उंदीर, पिसवा आणि रुग्ण यांची चिकाटीने मोजदाद केली आणि उंदरावरची पिसू हाच प्लेगचा दुवा असल्याचे सिद्ध झाले. १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली. १९४९ मध्ये तिचीच आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली.

१०/ इंग्रजांनी हे परोपकारापोटी केले, असा भाबडेपणा नको. बंदरे आणि व्यापार वाचवणे हा त्यांचा हेतू होता. प्लेगच्या झडत्यांतील जुलूम पुण्याने भोगला आहे. पण परक्या सत्तेला स्वार्थासाठी मोजणे परवडत होते आणि स्वतःच्या सरकारला जनतेसाठी ते परवडत नाही, हा युक्तिवाद कोणत्या तोंडाने करायचा?

११/ अलीकडचा हिशेब. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे ९९,८५९ कोटी रुपये होते. त्यातील आरोग्य संशोधन विभागाचा वाटा सुमारे ३,९०१ कोटी. शंभर रुपयांत चार रुपयेही नाहीत. या चार रुपयांतच प्रयोगशाळा, लसी, विषाणू आणि कर्करोग. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या हाती उरते ती चिल्लर.

१२/ परिणाम डोळ्यांसमोर आहेत. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. उरलेले बहुसंख्य आजही कोतवाल बुकातील ‘ताप’ या रकान्याचेच वारस.

१३/ कोविडचे उदाहरण तर ताजे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मांडला. सरकारने तो नाकारला. मात्र २०२१ च्या मृत्यूनोंदणीचा स्वतःचा अहवाल सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. फार यांचे आकडे आठवड्यात येत; आपल्याला चार वर्षे लागली. स्वतःचे आकडे वेळेवर न देणाऱ्याने परक्याच्या अंदाजावर रागावणे शोभत नाही.

१४/ पुन्हा बुलढाणा. केसगळती तरी दिसते, म्हणून बातमी होते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील मूत्रपिंडाचा विकार दिसत नाही. दर हजारी किती रुग्ण, कोणत्या वयाचे, कोणत्या विहिरीचे पाणी पिणारे, गोडे पाणी मिळालेल्या गावांत प्रमाण घटले का? हे प्रश्न वर्षानुवर्षे त्याच गावांना जाऊन विचारावे लागतात. एका भेटीत परतणाऱ्या पथकाचे ते काम नव्हे.

१५/ दर हजारी म्हणायचे तर हजार कोणते? बुलढाण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार. २०२१ ची जनगणना झालीच नाही. अंश अपुरा आणि छेद जुना. अशा अपूर्णांकावर जिल्ह्याचे आरोग्य तोलले जाते.

१६/ आता मूळ आक्षेपाला उत्तर. डॉक्टर की संख्याशास्त्रज्ञ, ही निवडच खोटी आहे. उपचाराविना नुसती मोजणी हा रुग्णाचा अपमान, हे मान्य. परंतु शाम्पूला दोष देत बसणारा उपचार आणि गहू तपासणारा उपचार यांतील अंतर मोजणीनेच कापले जाते. डॉक्टर समोरच्या एका रुग्णाला वाचवतो. पुढच्या गावात तोच आजार कोणाला होईल, हे सांगण्यासाठी दुसरी विद्या लागते आणि त्या विद्येलाही पगार लागतो.

१७/ बाजार तो देणार नाही. औषध विकता येते, शाम्पू विकता येतो. बोंडगावची मृत्यूनोंद कोण विकत घेणार? ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो आणि नफा कोणालाच नाही, त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीनेच उचलायचा असतो. विहीर आणि रस्ता याच न्यायाने बांधले जातात.

१८/ मागणी अवाजवी नाही. प्रत्येक जिल्ह्यात कंत्राटी नव्हे तर कायम साथरोगतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. खारपाणपट्ट्यासाठी दीर्घकालीन नोंदवही. रेशनच्या धान्याची नियमित तपासणी. आणि प्रत्येक चौकशीचा अहवाल ठरलेल्या मुदतीत, मराठीत, गावकऱ्यांच्या हाती.

१९/ इतिहासाच्या अभ्यासकांनी एक करावे. कोतवाल बुकाची नक्कल हाती आली, की जातीच्या रकान्यावर थांबू नये. मृत्यूच्या कारणाचा रकाना वाचावा. १९१८ च्या पानांवर ओळीने ‘ताप’ दिसेल. त्या माणसांना नेमके काय झाले होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. शेगावच्या माणसांबाबत ते सांगण्याची वेळ अजून गेलेली नाही.