भंगारवाल्याला द्यायच्या आधी

गेल्या महिन्यात थोरल्या आपाचा मुंब्र्याहून फोन आला. भाचीचा निकाह ठरलाय, फर्निचर बघायला चल. दुकानदाराने ‘डार्क ब्राऊन सेट’ दाखवला होता : पलंग, चार दारांचं कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफा आणि टीपॉय, सगळं एकाच रंगाचं. पैसे बारा हप्त्यांत. बोलता बोलता आपा म्हणाली, “आणि हो, अम्मीचं ते जुनं कपाट काढून टाकतोय. भंगारवाला दोन हजार म्हणतोय.”

मी म्हटलं, मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस.

ही घाई मी स्वतः केलेली आहे. सासूबाईंचं शिसवी टेबल ‘काळं दिसतं, घर अंधारं वाटतं’ म्हणून मी अकराशे रुपयांना दिलं आणि त्याच्या जागी चकचकीत चॉकलेटी टेबल आणलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या कडा पावासारख्या फुगल्या. आत लाकूड नव्हतंच, दाबलेला भुसा होता आणि वर लाकडाचं चित्र असलेला कागद. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर तपकिरी फर्निचर घेताना पहिला प्रश्न रंगाचा नसून आत काय आहे हा असतो. दुकानात वस्तूचा समोरचा भाग बघून उपयोग नाही. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा. कपाटाची पाठ बघा. दाराच्या कडेला वाका. खऱ्या लाकडात वरच्या रेघा कडेवरून पुढे जाताना दिसतात. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर ते प्लाय किंवा बोर्ड. प्लाय म्हणजे फसवणूक नव्हे, चांगला प्लाय वर्षानुवर्षं टिकतो. पण त्यावर आयएसआयचा शिक्का हवा. आयएस ३०३ हा साधा घरगुती प्लाय आणि आयएस ७१० हा पाण्याला जास्त दाद न देणारा. तयार फर्निचरमध्ये हा शिक्का दिसत नाही, म्हणून बिलावर ‘प्लाय’ की ‘पार्टिकल बोर्ड’ हे लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला की समजून जायचं.

अम्मीचं कपाट आम्ही असंच तपासलं. खणाचे कोपरे बोटांत बोटं गुंतवावीत तसे जोडलेले, खिळा नाही. आतल्या बाजूला, जिथे पॉलिश पोहोचलं नव्हतं, तिथे सोनेरी सागवान. सागवानात मुळातच तेल असतं, त्यामुळे गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. विदर्भातल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला सागवान त्यासाठीच नावाजलेला. सहारनपूरच्या कोरीव कामात दिसतो तो शिसम गडद आणि रेघारेघांचा असतो. आणि आपल्या कोकणातल्या घरांत फणसाचं लाकूड सापडतं. ते आधी हळदीसारखं पिवळं असतं, मग वर्षं जातात तसं तपकिरी होतं. पुष्कळांना ते सागवानच वाटतं.

एका पायाशी मात्र मैद्यासारखी पिवळी पूड पडली होती आणि टाचणीएवढी भोकं. हा भुंगा. खोडाच्या बाहेरच्या बाजूचं फिकट लाकूड वापरलं असेल तर तिथे तो शिरतो. सुताराने पायाची तेवढी फळी बदलली आणि बाकीच्या भोकांत औषध भरलं. मातीच्या नळ्या दिसल्या असत्या तर ती वाळवी, आणि मग आधी भिंतीचा इलाज करावा लागला असता.

पॉलिशवाले चाचा आले. त्यांनी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एका कोपऱ्यात घासलं. जुनं पॉलिश मऊ होऊन बोळ्याला लागलं. म्हणजे लाखेचं. लाखेच्या पॉलिशची झळाळी फार सुंदर असते, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उमटतो. कपाटाला ते चालतं. जेवायच्या टेबलाला मेलामाइन किंवा पीयू पॉलिश बरं. आपा म्हणत होती, चकचकीत करा. चाचा म्हणाले, “बाजी, सागवानाला आरसा करू नका, बोटांचे ठसे पुसता पुसता दमाल.” तीन दिवस घासणं, मग चार हात पॉलिश. ते संपलं तेव्हा आपा कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला आतल्या दारावर अम्मीने पेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशोब सापडला होता. तेवढा भाग चाचांनी तसाच सोडला.

आता प्रश्न मांडणीचा. भाचीचं घर वन बीएचके, बाहेरची खोली दहा बाय चौदा. तिथे एकाच चॉकलेटी रंगाचा पूर्ण सेट ठेवला तर ते घर न राहता गोदाम होतं. सगळं तपकिरी एकसारखं जुळायलाच हवं असं नाही. उलट दोन-तीन छटा एकत्र असल्या की खोली मोकळी वाटते. फक्त त्यांचा कल एक असावा. लालसर तपकिरीशेजारी काळपट तपकिरी ठेवली की दोन्ही मळकट दिसतात. भिंत सायीच्या रंगाची किंवा फिकट हिरवी ठेवा. फरशीही तपकिरी असेल तर मध्ये फिकट सतरंजी हवीच, नाहीतर सोफ्याचे पाय जमिनीत गेल्यासारखे वाटतात.

उजेडाकडे तर कोणी बघतच नाही. बल्बच्या खोक्यावर आकडा असतो. ६५०० चा पांढरा उजेड तपकिरी लाकडाला राखाडी, मरगळलेलं करतो. २७०० ते ३००० च्या पिवळसर उजेडात तेच लाकूड उठून दिसतं. नवं पॉलिश करायच्या आधी बल्ब बदलून बघा, खर्च दोनशे रुपये.

आपल्या घरांत आणखी एक हिशोब असतो. बाहेरच्या खोलीत दस्तरखान पडतो, ईदला पंधरा माणसं बसतात, जानमाज अंथरायची असते. एल आकाराचा सोफा हे सगळं गिळून टाकतो. आम्ही सोफा घेतलाच नाही. भिंतीलगत एक बुटका तख्त, त्यावर दोन लोड, आणि खाली पाहुण्यांच्या गाद्यांसाठी खण. तख्त जांभळाच्या लाकडाचा मिळाला, जरा गडद, कपाटाशी तंतोतंत जुळत नाही. मला तेच आवडलं, आपाला अजून खटकतं.

पलंग मात्र नवा घेतला, प्लायचा, बिलावर लिहून घेऊन. कपाटात साड्या-दुपट्टे मावतात, पण जावयाचे शर्ट टांगायला जागा नव्हती, म्हणून वरची एक फळी काढून दांडी बसवली. अम्मीने हे चालवून घेतलं असतं की नाही कोण जाणे. हप्त्यांची गरज उरली नाही.

खरी अडचण लाकडाची नव्हतीच. “तिकडचे लोक म्हणतील, लेकीला जुनं कपाट दिलं,” हे आपाने मला तिसऱ्या दिवशी, पॉलिश वाळत असताना सांगितलं. मुलाकडच्यांनी काहीच मागितलं नव्हतं. भाची शेजारीच बसली होती. म्हणाली, “अम्मी, मला नानीचं कपाट पाहिजे. ते लोक काय म्हणायचं ते म्हणोत.” आपा गप्प झाली. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, नव्या घराच्या लिफ्टमध्ये ते मावेल का?

मावत नव्हतं. कपाटाची उंची सहा फूट आठ इंच, लिफ्टचं दार साडेसहा. जुन्या कपाटांचा वरचा मुकुट बहुधा वेगळा निघतो, तसा हाही निघाला. रविवारी टेम्पो येतोय. भिंतीपासून तीन बोटं अंतर ठेवून उभं करायला सांगितलंय, पावसाळ्यात पाठीला हवा लागायला हवी.