जुने लाकूड जरूर घ्या, पण...

गावोगावी जुने वाडे उतरवले जात आहेत. त्यांतील सागवानी तुळया, चौकटी, दारे नव्या घराला वापरण्याकडे लोकांचा कल आहे, हे चांगलेच. पिकलेला साग पुढच्या पिढीलाही पुरतो, पैसा वाचतो आणि नवे झाड तोडावे लागत नाही. मात्र जुन्या वस्तूबरोबर दुखणे घरात येता कामा नये.

पहिली गोष्ट तैलरंगाची. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात ते बरेच असू शकते. रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि रांगत्या मुलाच्या हातातून पोटात जाते. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, पंडुरोग होतो. गर्भालाही ते अपायकारक आहे. म्हणून रंग ओला करून, घराबाहेर खरवडावा. मुले व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे. रंगीत ढलप्या बंबात किंवा चुलीत जाळू नयेत.

दुसरी गोष्ट सिमेंटच्या जुन्या पत्र्यांची. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा कापताना-फोडताना त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जातात आणि त्यातून होणारा कर्करोग वीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. हे पत्रे पुन्हा वापरण्याची काटकसर, माझ्या मते, मुळीच करू नये.

तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. घर आपले होते, धूळ मात्र रोजंदारीवरचा माणूस खातो. त्याची काळजी घेणे हे घरमालकाचेच कर्तव्य आहे.