भरतीला निघालेले हात

२८ ऑगस्ट २०२४. चाळीसगावमार्गे जाणाऱ्या धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये, इगतपुरीजवळ, जळगाव जिल्ह्यातल्या ७२ वर्षांच्या मुस्लिम वृद्धाला गोमांसाच्या संशयावरून तरुणांनी मारहाण केली. ते कल्याणला लेकीकडे निघाले होते. मांस म्हशीचे असल्याचे ते सांगत होते, आणि म्हशीच्या मांसाला राज्यात बंदी नाही. पण ऐकून कोण घेणार? आरोपी पोलीस भरतीसाठी मुंबईला चालले होते, हे सर्वांत भयंकर. ज्या चाळीसगावात बामोशीबाबांच्या दर्ग्यावर हिंदूही माथा टेकतात, त्या मुलखातल्या गाडीत हे घडले. रेल्वे पोलिसांची गस्त डब्याडब्यातून हवीच. शिवाय भरतीत छाती-उंचीइतक्याच काटेकोरपणे उमेदवाराच्या मनातला द्वेषही तपासा.